पंधराशे व्हीएचा डबा आणि माझं १२० व्होल्टचं बिऱ्हाड

डबा खोक्यातून काढताना कंबरेत लचक भरली आणि तिथेच माझा त्याच्यावर विश्वास बसला. त्याआधी जे घेतलं होतं ते एका हाताने उचलता येत होतं, त्यावर '२००० वॅट' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं, आणि त्याने मला पंधरा दिवसांत रडवलं. त्याची गोष्ट पुढे येईलच. हा डबा म्हणजे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. भिंतीतले २३० व्होल्ट घेतो, १२० देतो. पाटीवर १५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर, ढोबळमानाने वॅटच समजा) लिहिलंय. वापरायला लागून तीन वर्षं होत आली, म्हणून आता बोलायला हरकत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच डबा निरनिराळ्या स्टिकरांखाली विकला जातो. नाव सांगून उपयोग नाही, काय बघून घ्यायचा ते सांगते.

आम्ही १२० व्होल्टच्या देशात चौदा वर्षं काढली आणि मग २३० व्होल्टच्या देशात आलो. सामान बांधताना कपडे टाकले, भांडी टाकली, पण माझं शिलाई मशीन, नवऱ्याचा रेकॉर्ड प्लेअर, इस्त्री, हेअर ड्रायर आणि ढीगभर चार्जर बरोबर आले. "प्लग बदलायचा एक ॲडॅप्टर घेतला की झालं," असं आम्हाला तिघाचौघांनी सांगितलं. सांगणारे सगळे फक्त लॅपटॉप घेऊन प्रवास करणारे होते, हे नंतर कळलं.

सुरुवात हेअर ड्रायरपासून करते, कारण तो आता नाही.

ॲडॅप्टर होता जगभर चालणारा, कळ सरकवली की वेगवेगळ्या पिना बाहेर येतात तसला. त्याच्या पोटावर '११०–२४० व्होल्ट, १० अँपिअर' असं लिहिलेलं. मी त्याचा अर्थ असा घेतला की हा ११० चे २४० आणि २४० चे ११० करतो. तो काहीच करत नाही. आत पितळी पट्ट्या असतात, ह्या टोकाचं त्या टोकाला नेतात, बस. त्या आकड्यांचा अर्थ एवढाच की त्या पट्ट्या तेवढा दाब आणि तेवढा करंट सोसतात. मी ड्रायर लावला, बटण दाबलं. नेहमीचा घूं आवाज न येता विमान उडतंय असा आवाज आला. जाळीच्या आत तार नेहमी मंद लाल दिसायची, ती पिवळी दिसली. मग केस जळाल्यासारखा वास (माझे नव्हते, बाई वाचली), आणि गप्प.

धाकट्या भावाला फोन केला. तो वायरमन आहे, घरोघरी फिटिंग करतो, आणि मला शिकवायची एकही संधी सोडत नाही.

"ताई, ड्रायरवर काय लिहिलंय ते वाच."

"१२५ व्होल्ट, १८७५ वॅट."

"म्हणजे १५ अँपिअर. आता २३० ला साडेसत्तावीस अँपिअर ओढले त्याने, आणि वॅट झाले सहा हजारांच्या वर. तुझा ड्रायर नव्हता तो, भट्टी होती."

मी विचारलं, मग मेन बोर्डातला एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, का नाही उडाला? १६ अँपिअरचा आहे की. तर म्हणाला, शॉर्ट झालं तर तो क्षणात उडतो, पण दीडपट-पावणेदोनपट लोडाला तो तापून उडतो, आणि तापायला त्याला वेळ लागतो. ड्रायरला तेवढा वेळ नव्हता. ॲडॅप्टरमध्ये फ्यूज असता तर तो गेला असता कदाचित. आमच्यात नव्हता.

हा हिशोब मी तेव्हा नीट समजून घेतला, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तापणाऱ्या वस्तूला, म्हणजे जिच्यात नुसती तार तापते अशा इस्त्री, केटल, टोस्टरसारख्या वस्तूला, व्होल्ट दुप्पट दिले की वॅट दुप्पट होत नाहीत, चौपट होतात. १२० ची वस्तू २३० ला लावली तर साडेतीन पटींहून जास्त. उलटं केलं, २३० ची वस्तू १२० ला लावली, तर जेमतेम पाव ताकद उरते. आणि जपानी वस्तू तर १०० व्होल्टची असते. ती 'जवळपास तेच' म्हणून १२० ला लावली तरी ४४ टक्के जास्त तापते. माझ्या मैत्रिणीने तिची जपानी इस्त्री माझ्या डब्याला लावून बघू म्हटलं, मी नको म्हटलं. तिला वाटलं मी डबा द्यायला कांकूं करतेय.

तर ॲडॅप्टर. त्याला मी भावाच्या सांगण्यावरून उघडलं आणि मग आणखी एक गंमत बाहेर आली. तिसरी पिन, अर्थिंगची, दिसायला होती, पण मल्टिमीटर लावला तर इकडून तिकडे बीप नाही. पिन नुसती शोभेची, आत कुठेच जोडलेली नाही. लॅपटॉपच्या पत्र्यावरून बोट फिरवलं की झिणझिण्या का येत होत्या, त्याचं उत्तर मिळालं. आमच्या लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा. त्याच्या आतल्या फिल्टरमधून थोडासा करंट अर्थला जायचा असतो, अर्थच नाही म्हटल्यावर तो पत्र्यावर बसून राहतो आणि आपल्या बोटातून वाट शोधतो. तेवढ्याने माणूस मरत नाही. पण तिथे इस्त्री असती आणि आतली तार सुटून पत्र्याला लागली असती तर गोष्ट वेगळी होती. मागे चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या वस्तूंना अर्थ लागत नाही, त्यांना दुहेरी इन्सुलेशन असतं. बाकी धातूच्या अंगाच्या, तीन पिनांच्या वस्तू बिनअर्थाच्या ॲडॅप्टरवर लावू नका. युरोपात गोल दोन पिनांचे जे जाड प्लग असतात त्यांचा अर्थ तर पिनेत नसतोच, कडेच्या पट्टीत असतो. तो प्लग कुठल्याही भोकाळ सॉकेटात बसतो आणि अर्थ तिथेच तुटतो.

त्या ॲडॅप्टरला आता मी फक्त फोन लावते, तोही जागी असताना.

आता तो हलका 'कन्व्हर्टर'. ड्रायर गेल्यावर घाईघाईत घेतलेला. ह्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. विजेची लाट कापून कापून देतात, म्हणजे सरासरी कमी भरते. तारेला चालतं ते, तारेला लाटेचा आकार कळत नाही. शिलाई मशीनला कळतो. मशीन फुरफुरायला लागलं, दिवा थरथरायला लागला, आणि पेडल अर्ध्यावर दाबलं की सुई एकदम सुसाट. एका ब्लाउजच्या बाहीवर गाठींचा गुंता झाला तो उसवायला संध्याकाळ गेली. पेडलमध्येही लाट कापूनच वेग कमीजास्त करतात, कापलेल्या लाटेला परत कापायचं म्हणजे कसं जमणार? खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी वापरू नये. वरती सोनेरी अक्षरात मात्र 'सर्व उपकरणांसाठी'. परत पाठवायची मुदत संपली होती. जाऊ दे.

मग आला डबा.

दिसायला कुरूप आहे. राखाडी पत्रा, कडेला हवेच्या फटी, वर एक पट्ट्याचं हँडल जे सहाव्या महिन्यात तुटलं. पुढे स्विच, लाल दिवा, दोन सॉकेट. मागे दाबून परत बसवायचा छोटा ब्रेकर. चालू केला की घुंऽऽ असा आवाज येतो. लाकडी टेबलावर ठेवला तर अख्खं टेबल गुणगुणतं, खाली जाड रबराची चटई घातली तेव्हा शांत झालं. रात्री शिवायला बसले की तो आवाज मला आता सोबतीसारखा वाटतो, पण नवीन माणसाला त्रास होईल हे खरं.

आल्या आल्या मी मीटर लावून बघितला. भिंतीत २३६ होते त्या दिवशी, डब्यातून काही न लावता १२३ आले. शिलाई मशीन लावलं तर १२२. मशीन आहे केवढं, मोटर आणि दिवा मिळून शंभर वॅटच्या आसपास. पेडल हळू दाबलं, सुई हळू चालली. पहिली शिवण घातली ती जुन्या उशीच्या अभ्र्यावर, बोटभर अंतरात टाके मोजले, पूर्वीइतकेच. तेव्हा जो जीव भांड्यात पडला!

इथे एक गोष्ट नशिबाने जमली. शिलाई मशीनची मोटर ही कार्बन ब्रशवाली, युनिव्हर्सल मोटर म्हणतात ती. मिक्सरमध्ये, ड्रिलमध्ये हीच असते. तिला ५० हर्ट्झ की ६० हर्ट्झ, म्हणजे विजेच्या लाटा सेकंदाला किती, ह्याचं सोयरसुतक नसतं. व्होल्ट बरोबर मिळाले की चालते. रेकॉर्ड प्लेअरचं तसं नव्हतं.

नवऱ्याने रविवारी सकाळी मोठ्या थाटात रेकॉर्ड लावली. डब्याला जोडून, सगळं रीतसर. बाई गायला लागल्या आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आवाज बाईंचा नव्हता, त्यांच्या थोरल्या बहिणीचा असावा तसा. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारमध्ये उतरली होती, आणि लय अशी की तबलजी झोपेतून उठून वाजवतोय. त्या प्लेअरची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालते, सिंक्रोनस. ६० साठी बनवलेली, इथे मिळतात ५०. म्हणजे सहाला पाच. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेण्याऐवजी २७.८ घेते, आणि सूर पेटीच्या तीन पट्ट्यांहून किंचित जास्तच खाली येतो. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालते. नवरा म्हणाला, जास्त वेळ ऐकायला मिळतंय तर तक्रार काय!

डब्याला दोष देता येत नाही. कुठलाही ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० आत गेले तर ६० बाहेर, ५० गेले तर ५०. पण खोक्यावर हे एका ओळीत लिहायला काय हरकत होती? नाही लिहिलेलं. आमचं उशाशी ठेवायचं घड्याळही त्यातच गेलं, तेही विजेचे हर्ट्झ मोजून वेळ दाखवायचं. तासाला दहा मिनिटं मागे पडायचं, दिवसाला चार तास. ते दिलं टाकून. रेकॉर्ड प्लेअर मात्र वाचला, कारण त्याची तबकडी पट्ट्यावर फिरते. मोटरच्या दांड्यावरची पितळी पुली एक पंचमांशाने मोठ्या व्यासाची बसवली की वेग परत जागेवर. अशा पुली ५० हर्ट्झसाठी वेगळ्या मिळतात. दोन महिने शोधून मिळाली, बोटाच्या पेराएवढी. बाई परत काळी चारमध्ये आल्या.

हर्ट्झचा दुसरा त्रास दिसत नाही, फक्त तापतो. ज्या वस्तूच्या पोटात स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे आणि पाटीवर फक्त '६० हर्ट्झ' लिहिलंय, तिला ५० वर चालवलं तर आतल्या लोखंडावर ताण येतो, ती गरम होते, गुरगुरते आणि लवकर मरते. जुने ॲम्प्लिफायर, मायक्रोवेव्ह, जड ठोकळ्यासारखे जुने चार्जर हे सगळे ह्यात आले. पाटीवर '५०/६० हर्ट्झ' असेल तर काळजी नाही.

ह्या ५० आणि ६० च्या भानगडीत जपानची गोष्ट भावाने सांगितली ती मला फार आवडली. १८९५ च्या सुमारास तोक्योने जर्मनीच्या एईजीकडून जनरेटर आणले, ते ५० चे. ओसाकाने त्यानंतर अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून आणले, ते ६० चे. आजतागायत त्या एका देशाच्या पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० आहेत. घर बदललं की घड्याळ बदलायची पाळी तिथल्या लोकांवर आपल्याच देशात येत होती.

परत डब्याकडे. त्याची खरी परीक्षा इस्त्रीने घेतली. १२०० वॅटची इस्त्री, डबा १५०० चा, कागदावर सगळं ठीक. लावली. १२३ चे ११४ झाले. अर्धा तास झाला, पत्र्यावर हात ठेववेना. चाळीस मिनिटांनी वार्निशचा गोडसर वास यायला लागला, मी बंद केला. भाऊ म्हणाला, ह्या पाट्यांवरचा आकडा हा 'थोडा वेळ' चा असतो. तासन् तास चालवायचं तर निम्मा ते दोन तृतीयांश धर. म्हणजे माझा १५०० चा डबा हा खरं तर हजाराच्या आतला आहे. सुरू होताना जोरात करंट ओढणारी मोटर असेल, फ्रिज, कॉम्प्रेसर वगैरे, तर आणखी मोठी जागा ठेवायला हवी, सुरुवातीचा ओढा चालू असतानाच्या कितीतरी पट असतो. माझी इस्त्री मी देऊन टाकली आणि इथली २३० ची घेतली. आधीच तसं करायला हवं होतं. तापणारी वस्तू देशाबाहेर नेण्यात काहीच शहाणपण नाही. तिच्यासाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर तिच्या दसपट वजनाचा असतो.

म्हणून वजनाचं म्हणते. तांबं आणि लोखंड जड असतं, त्याला इलाज नाही. कोणी तुम्हाला ३००० वॅटचा ट्रान्सफॉर्मर पर्समध्ये मावेल असा दाखवला तर तो एक तर लाट कापणारा कन्व्हर्टर आहे, नाहीतर आकडा खोटा आहे.

माझ्या डब्यात आणखी एक खोट आहे आणि ती मला वर्षभराने कळली. हा ऑटो-ट्रान्सफॉर्मर आहे. म्हणजे आत दोन वेगळ्या गुंडाळ्या नाहीत, एकच आहे आणि तिच्या मधून फाटा काढून १२० घेतलेत. त्यामुळे तो निम्म्या वजनात होतो (हो, हे निम्मं वजन!), पण भिंतीतली वीज आणि माझं मशीन ह्यांच्यात आडपडदा राहत नाही. आणि आमच्या भिंतीतला गोल पिनांचा प्लग दोन्ही बाजूंनी बसतो. सरळ बसला तर मशीनची एक तार न्यूट्रल, दुसरी १२० वर. उलटा बसला तर फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल, मग मशीनच्या एका तारेवर अर्थच्या मानाने पूर्ण २३० येतात आणि दुसरीवरही शंभराच्या वर. मशीनला दोन तारांमधले १२० च दिसतात, ते मजेत चालतं. पण बंद मशीनचा दिवा बदलायला हात घातला तर? मी मीटरने तपासून सरळ बाजू शोधली आणि प्लगवर व सॉकेटवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपक्याला ठिपका. आणि दिवा बदलताना प्लगच काढते, स्विचवर विसंबत नाही.

ह्याहून वाईट म्हणजे ती एकच गुंडाळी खालच्या भागात तुटली तर बाहेर सरळ २३० व्होल्ट यायला रस्ता मोकळा. माझी तुटलेली नाही. पण परत घेतला तर दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा, आयसोलेशनवाला घेईन, आणि ५०० व्हीएचाच घेईन, कारण इस्त्री गेल्यावर आता त्यावर आहे काय, शिवणकाम आणि गाणं.

अर्थिंग मात्र ह्या डब्याचं चोख आहे. पुढच्या तीन पिनांच्या सॉकेटच्या गोल भोकापासून मागच्या प्लगच्या पट्टीपर्यंत मीटर बीप करतो. एवढ्यासाठी मी त्याला दोन गुण जास्त देते.

सॉकेटांची तक्रार करायलाच हवी. एक सॉकेट चपट्या पिनांचं आहे, ते ठीक. दुसरं 'युनिव्हर्सल', म्हणजे कुठलाही प्लग घुसेल असं वेडंवाकडं भोक. ह्यात पिन घट्ट बसत नाही, हलली की ठिणगी, आणि ढिला सांधा म्हणजे तापणारा सांधा. शिवाय त्यात घरातलं काहीही लावता येतं. मुलगा एकदा सकाळी चहाचं पाणी ठेवून आंघोळीला गेला, आला तरी पाणी कोमट. त्याने इथली २००० वॅटची केटल रिकामं सॉकेट दिसलं म्हणून डब्याला लावली होती. तिला मिळत होते सव्वापाचशे-साडेपाचशे वॅट. "आई, केटल बिघडली," म्हणाला. केटलला काही झालं नव्हतं, डब्यालाही नाही. पण तिथे केटलऐवजी पंखा किंवा फ्रिज असता तर कमी व्होल्टला मोटर अडून जळू शकली असती. त्या भोकावर मी चिकटपट्टी लावलीय.

चालू करताना एमसीबी उडणं हा आणखी एक खोडसाळपणा. दहातून एकदा, काहीही न लावता नुसता स्विच दाबला की अंधार. भाऊ म्हणाला, ट्रान्सफॉर्मरला चालू होताना क्षणभर मोठा घोट लागतो, आणि लाटेच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर स्विच पडला त्यावर तो घोट किती ते ठरतं. सावकाश तुटणाऱ्या जातीचा एमसीबी लावला की थांबतं. आम्ही भाड्याच्या घरात आहोत, बोर्डाला हात लावला नाही. उडाला की उठवते. कायम चालू ठेवणं हा उपाय नाही. रिकामा डबाही ११ वॅट खातो, मी मोजले, म्हणजे महिनाभरात जवळजवळ आठ युनिट नुसते गुणगुणण्यात जातात.

सगळ्यात जास्त समाधान मला ज्या वस्तूंनी दिलं त्या डब्याशी संबंधितच नाहीत. एका दुपारी घरातले सगळे चार्जर जमिनीवर ओतले, मोबाइलची बॅटरी लावून एकेकाची पाटी वाचली. 'इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं ज्यांच्यावर होतं ते एका बाजूला. ढीग मोठा झाला. फोन, लॅपटॉप, कॅमेरा, प्रिंटर, सगळे. ह्यांना डबा लागतच नाही, ते सरळ भिंतीत. दुसऱ्या ढिगात नुसतं '१२० व्होल्ट' वाले, त्यात विजेच्या टूथब्रशचा चार्जर निघाला, जो मला वाटलं होतं नक्की चालेल. आणि एक प्रवासाचा छोटा ड्रायर '१२५/२५०' असा निघाला. मध्ये आडवी रेघ असेल तर बहुतेकदा वस्तू आपलं आपण बघून घेते, तिरकी असेल तर कुठेतरी स्विच असतो तो आपण फिरवायचा. ह्याचा दांड्याजवळ होता, नाण्याने फिरवायचा. फिरवला. चालतो.

मग ज्या चार्जरांची वायर सुटी निघते त्यांना ॲडॅप्टर लावायच्या ऐवजी वायरच बदलली. मागची भोकं जगभर सारखी आहेत. आठ आकड्यासारखं छोटं असतं, तीन पाकळ्यांचं असतं, आणि कॉम्प्युटरच्या मागे असतं ते मोठं. इथल्या प्लगची वायर आणायची, खट्कन बसते, अर्थ शाबूत, मधे लोंबकळणारं काही नाही. लॅपटॉपच्या झिणझिण्या त्याच दिवशी बंद झाल्या. फक्त पहिल्या दोघांच्या वायरी अडीच अँपिअरच्या असतात आणि मोठीची दहाची, त्यामुळे ओढूनताणून जोडाजोड करायची नाही. अशी एक वायर ब्रिटनची आली होती आमच्याकडे, तिच्या अवाढव्य प्लगमध्ये फ्यूज. १९४७ पासूनची त्यांची पद्धत. तिथे घरातली सॉकेटं बहुधा ३२ अँपिअरच्या एका रिंगवर असतात, तेव्हा बारीक वायरीला सांभाळायला प्लगमध्येच फ्यूज लागतो. तिथे जाणाऱ्याने बिनफ्यूजचा ॲडॅप्टर नेऊ नये.

एक मात्र फेकून दिलं, न लावता. तिकडची सर्ज प्रोटेक्टरवाली एक्स्टेंशन पट्टी. मी म्हणत होते पट्टीला काय व्होल्टचं, नुसती तार तर आहे. भावाने फोनवर ओरडून थांबवलं. आत जो तुकडा असतो तो १२० च्या वर बरंच काही आलं की ते गिळायला बसवलेला असतो, त्याला २३० म्हणजे अखंड वीज पडतेय असंच वाटतं. धूर निघतो. तशी पट्टी वापरायचीच असेल तर डब्याच्या १२० च्या सॉकेटात लावायची, भिंतीत नाही.

भावाने सुरुवातीला सांगितलेलं एक वाक्य मला तेव्हा चिडवल्यासारखं वाटलं होतं. "ताई, भोकात बसलं म्हणजे जमलं असं लग्नातही नसतं." फिलिपिन्समध्ये अमेरिकेसारखीच चपटी भोकं आहेत आणि आत २३० व्होल्ट. माझा ड्रायर तिथे ॲडॅप्टरशिवाय, अगदी अलगद बसला असता आणि तितक्याच अलगद जळला असता. ब्राझीलमध्ये तर एकाच आकाराच्या भोकात कुठल्या शहरात १२७ आणि कुठल्या शहरात २२०.

डब्याला पाचांतून साडेतीन. अर्धा गुण हँडलचा कापला, अर्धा त्या वेड्या सॉकेटचा, आणि अर्धा खोक्यावर हर्ट्झची ओळ न छापल्याबद्दल. चिकटपट्टीवर मी काळ्या मार्करने 'केटल नाही' असं लिहून ठेवलंय. मुलाने खाली 'बरं' असं लिहिलंय.